दोन्ही खुर्च्यांत हरेपर्यंत

मी स्वयंपाकघरात गेले की माझे भावोजी रेडिओ मोठा करायचे. आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? दिवसभर औषधाच्या दुकानात उभं राहून पायांचे तुकडे पडलेले असताना मी दर गुरुवारी दुकान बंद करून थेट यांच्याकडे जायची. जाताना यांची रक्तदाबाची गोळी, पाव, अंडी, फळं, काय संपलं असेल ते न्यायची. आणि मी चहा ठेवायला आत वळले, की इकडे रेडिओचा कान पिळलेला. बातम्या असोत, हवामान असो, कुणाचं रटाळ भाषण असो, मी आतून काही विचारलं तर ऐकूच जाणार नाही एवढा मोठा. मी मनात म्हणायची, बाई गं, या माणसाला तुझं बोलणं नकोसं झालंय, एवढं तुला कळत नाही का? कळत होतं. तरी जायची. त्या घरात माझी ताई राहायची, आणि ती गेल्यावर तिच्याबद्दल बोलायला मला दुसरं घर नव्हतं.

आईवडील आमचे लवकर गेले. ताईनेच मला वाढवलं. लग्न मी केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्यांना मी काउंटरवरूनच पुढच्या दुकानाचा रस्ता दाखवते. भावोजी आमच्या घरात आले तेव्हा मी शाळेत होते. त्यांनी थट्टेने मला "मेहुणीबाई, तुम्ही" म्हणायला सुरुवात केली, आणि ती थट्टा इतकी मुरली की पुढे त्यांना मला दुसरी कुठली हाक मारताच येईना. कुणी नवीन माणूस आला की त्याला वाटायचं, मी कुणीतरी मोठी असामी आहे. मीही तसंच वाटू द्यायची.

भावोजींचं काम मध्यस्थीचं. आधी वकिली केली, मग ती सोडली. वर्षानुवर्षं कोर्टात लोळत पडलेली भांडणं न्यायाधीश कधी कधी मध्यस्थी केंद्रात पाठवतात. तिथे एका खोलीत दोन्ही बाजू बसतात आणि मधे हे. निकाल द्यायचा नाही. कोण खरं, कोण खोटं ते सांगायचं नाही. दोघांच्याच तोंडून काही निघालं आणि दोघांना पटलं, तर ते कागदावर उतरवायचं. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांना सगळे 'मधले' म्हणतात. मी चिडवायची, "भावोजी, तुमचं बरंय, मधे बसायचं आणि मान हलवायची." त्यावर ताई म्हणायची, "मान हलवायच्या आधी हा माणूस माझं डोकं किती खातो ते बघायला ये एकदा."

खरोखरच खायचे. मध्यस्थीच्या आधी काय काय चालायचं ते मी पाहिलंय. दोन्ही बाजूंचे कागद आले की ज्या बाजूचा आधी राग येईल तिचे कागद ते आधी वाचायचे, आणि पुन्हा वाचायचे. मग दोन्ही वकिलांना फोन करून एकच प्रश्न विचारायचे, "तुमच्या अशिलाला काय विचारलेलं आवडणार नाही?" वकील लोक हसायचे, पण सांगायचे. मग दोन्ही माणसांना वेगवेगळं भेटून यायचे. आदल्या दिवशी केंद्रातली खोली बघायला जायचे. कुणाच्या डोळ्यावर खिडकीचा उजेड येतो, पंखा कुणाच्या डोक्यावर करकरतो, पाण्याचे पेले एकसारखे आहेत ना. कागदी रुमालांचा खोका नेहमी टेबलाच्या बरोब्बर मधे. बाईसमोर ठेवला तर तिला वाटतं, ही रडणार असं यांनी आधीच धरून ठेवलंय. आणि जो रागाने उठून जाईल असं वाटतं, त्याला दाराजवळची खुर्ची. मी म्हटलं, "अहो, मग तो जाईल ना." तर म्हणाले, "दार हाताशी असलं की माणूस जात नाही, मेहुणीबाई. लांब असलं की पळतो."

न्हाणीघरात नळ सोडून आरशासमोर दोन्ही माणसांची नावं पुन्हा पुन्हा म्हणायचे, दोन्ही एकाच आवाजात येईपर्यंत. एकाचं नाव जरा मायेने आणि दुसऱ्याचं जरा कोरडं निघालं, की तिथेच खेळ संपला, असं त्यांचं म्हणणं. नळ अशासाठी, की बाहेर कुणाला नावं ऐकू जाऊ नयेत. मला आजही कुणाचं नाव माहीत नाही. इथे सांगतेय त्यातलंही थोडं मी इकडचं तिकडे केलंय.

पण खरी तयारी घरात, जेवणाच्या टेबलावर. समोरासमोर दोन खुर्च्या. एकीत ते, दुसरीत ताई. ते एका बाजूचे व्हायचे, ताई दुसऱ्या बाजूची, आणि दोघं कडाकडा भांडायचे. कधी ताई घरमालक आणि ते भाडेकरू. कधी ती सोडून गेलेली बायको आणि ते नवरा. शेजारणीला पहिल्यांदा वाटलं, यांचं घर मोडतंय, आणि ती बिचारी समजूत घालायला आली. ताईने तिलाही बसवून घेतलं आणि तिसरा पक्षकार केलं. हे हरले, की खुर्च्यांची अदलाबदल. मग ताईची बाजू यांची, यांची बाजू ताईची. पुन्हा भांडण. ताई प्रत्येक वेळी जिंकायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि तीच जीभ देवाने मलाही दिलीय. दोन्ही खुर्च्यांत हरले की भावोजी टेबलावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "झाली तयारी." कोण बरोबर आहे हे ज्याला अजून कळतंय, त्याने मधे बसू नये, असा त्यांचा हिशेब होता.

ताई गेली, आणि टेबलाभोवती खुर्च्या नुसत्या ठेवल्यासारख्या राहिल्या. भावोजींनी कामं घेणं बंद केलं. दाढी दोन-दोन दिवस तशीच. वर्तमानपत्र घडीसुद्धा न मोडता रद्दीत जायचं. मी गुरुवारी जायची, आम्ही समोरासमोर बसून चहा प्यायचो, ते "काय म्हणतंय दुकान?" विचारायचे, मी कुठल्यातरी गिऱ्हाइकाचा किस्सा सांगायची, आणि दोघंही कप कधी रिकामे होतात याची वाट बघायचो. ताईचं नाव मी काढलं, की ते उठून खिडकी लावायचे नाहीतर उघडायचे. मला राग यायचा. मी काय परकी होते? तिच्यासाठी रडायला मी दुसऱ्या कुणाकडे जाऊ?

मग एका गुरुवारी गेले तर दाढी केलेली. टेबलावर फाइल. केंद्राने फारच गळ घातली म्हणून एक काम घेतलं होतं.

एका म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा आजारपणात गेला होता. सून काही महिने सासऱ्याकडे राहिली आणि मग लहान मुलीला घेऊन बाहेर पडली. आता तिने दुसरं लग्न केलं होतं आणि ती नातीला आजोबांकडे अजिबात पाठवत नव्हती. म्हाताऱ्याचं कोर्टात एकच मागणं होतं, नात भेटू द्या. सुनेने उत्तरात बरंच काही लिहिलं होतं, पण मुद्दा एकच होता. म्हातारा नातीला तिच्या नावाने हाक मारत नाही. तो तिला 'चिमण' म्हणतो, आणि चिमण हे त्याच्या मुलाचं, तिच्या मेलेल्या नवऱ्याचं लाडाचं नाव.

"शनिवारी बैठक आहे," भावोजी म्हणाले. "तुम्ही बसाल का समोर?"

मी ताईच्या खुर्चीत बसले. अंग चोरून बसले, खरं सांगते. मी सून, ते म्हातारा.

"मी मुलीला तुमच्याकडे आणणार नाही," मी दुकानातला आवाज काढून म्हटलं. चिठ्ठीशिवाय औषध मागणाऱ्याशी बोलते तो.

"मी काय केलं?" ते म्हणाले. इतकं हळू म्हणाले, की मला पुढे वाकावं लागलं.

"तुम्ही तिला तिच्या नावाने हाक मारत नाही."

"लाडाने माणूस काय काय म्हणतो. तुला कुणी कधी लाडाने काही म्हटलं नाही का?"

"तो प्रश्न नाहीये."

"माझ्या दारात आता कुणी येत नाही गं. दूध टाकणारा पिशवी कडीला अडकवून जातो, तोही तोंड दाखवत नाही. ती आली की घरात पायांचा आवाज होतो. मला तिच्याकडून दुसरं काही नको. नुसती या खोलीतून त्या खोलीत पळाली तरी पुरे."

दूधवाल्याचं कागदात काही नसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुधाची पिशवी भावोजींच्या दाराला संध्याकाळपर्यंत तशीच अडकवलेली मी दर गुरुवारी बघत होते.

"हरले मी," मी म्हटलं. "झाली तयारी?"

"कसली तयारी? मी जिंकलो." त्यांचा चेहरा पडला होता. "तुमच्या ताईने मला आत्तापर्यंत आडवं केलं असतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग बोलवा ताईला," मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी वाटलं, जीभ झडावी. मी तोंड लपवायला चहा ठेवायला उठले. मागे रेडिओ लागला. मोठ्याने.

चहा घेऊन आले तेव्हा फाइलीचा बंद बांधून झाला होता. "मी म्हाताऱ्याकडे झुकलोय," ते म्हणाले. "एका बाजूला झुकलेला माणूस मधे बसायला नालायक. उद्या संध्याकाळपर्यंत मला सुनेचं पटलं नाही, तर फाइल परत करतो. आणि केंद्रातून नावही काढून घ्यायला सांगतो."

"आणि मग?"

"मग काही नाही."

ते 'काही नाही' त्यांनी अगदी साधेपणाने म्हटलं. या माणसाने आज कशासाठी दाढी केली होती, ते मला दिसत होतं. हे काम गेलं तर हा माणूस सकाळी उठायचं कशाला, असं म्हणून पडून राहील, आणि एके दिवशी मला सांगेल की मेहुणीबाई, गुरुवारचं राहू द्या आता. तेवढंच ऐकायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी केंद्रात गेले. गोळीची पट्टी मी आदल्या दिवशी माझ्याच पिशवीत विसरले होते. म्हणजे, विसरले होते असं मी म्हणते. व्हरांड्यातला शिपाई म्हणाला, "मधले आत खोली बघतायत." दाराला काच होती. आत भावोजी एकटेच. दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, सुनेच्या. तिथून त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग उठून समोरच्या खुर्चीत बसले. तिथून दाराकडे पाहिलं, पण मला पाहिलं नाही, बघणाऱ्याचे डोळे नव्हतेच ते. मग रुमालांचा खोका थोडा सरकवला, आणि पुन्हा जिथे होता तिथे आणला. ओठ हलत होते. शेवटी मधल्या खुर्चीत बसले आणि दोन्ही रिकाम्या खुर्च्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. मी पट्टी शिपायाकडे दिली आणि आल्या पावली परत फिरले. उभ्या आयुष्यात इतका एकटा माणूस मी पाहिला नव्हता, आणि औषधाच्या दुकानात एकटी माणसं काही कमी येत नाहीत. निम्म्यांना औषध नकोच असतं, कुणीतरी 'जेवणानंतर घ्या' असं सांगायला हवं असतं.

संध्याकाळी दुकान मदतनीस बाईवर सोपवून मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. वार गुरुवार नव्हता, त्यामुळे दार उघडल्यावर ते जरा गोंधळले. मी चप्पल काढता काढताच म्हटलं, "खुर्च्या बदला. आज तुम्ही सून. मी म्हातारा."

बसलो. भावोजी सून झाले आणि असे गुळमुळीत बोलायला लागले, की मला कीव आली त्या सुनेची. "मला जरा अडचण वाटते," म्हणे. "मुलीच्या मनाचा विचार करायला हवा," म्हणे. ही काय भांडणारी बाई झाली? असं बोलणाऱ्या सुनेला कोर्टात कशाला जावं लागेल? मी ठरवलं, आज या बाईला बोलतं केल्याशिवाय उठायचं नाही.

"तुझं माणूस गेलं," मी म्हटलं, "तसं माझंही गेलं. तू मला दारात बघतेस आणि तुझा चेहरा पडतो. का?"

"तसं नाही."

"तसंच आहे. मी लांबून येतो, हातात तुझ्यासाठी काहीबाही घेऊन येतो, आणि तू मला पाहुण्यासारखं बसवतेस. त्याचं नाव काढलं की उठतेस. त्याच्याबद्दल मी बोलू कुणाशी? रस्त्यावरच्या लोकांशी? त्याला ओळखणारं आता तुझ्याशिवाय उरलंय कोण?"

"मला त्रास होतो."

"मला होत नाही? मी आत गेले की तू रेडिओ मोठा करतेस, तेव्हा मला काय होतं ते तुला—"

बोलले आणि थांबले. त्या खटल्यात रेडिओ नव्हता. म्हातारा 'आत गेले' असं म्हणतच नाही. भावोजी माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठतील आणि खिडकीकडे जातील. उठले नाहीत. हात टेबलाखाली घेतले आणि सुनेच्याच आवाजात, म्हणजे त्या खुर्चीतल्या बाईच्या, सावकाश बोलायला लागले.

"तुमचा आवाज त्याचा आहे," ते म्हणाले. "समोर बसून बोलता तेव्हा नाही. तेव्हा तुमचा चेहरा दिसतो. पण भिंतीपलीकडून बोललात, की तो बोलतो. तो गेल्यानंतर पहिल्यांदा तुम्ही आलात आणि आतून विचारलंत, चहा ठेवू का. मी ठेव म्हटलं. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं, दिवसभर साठलेलं. मी उठून दारापर्यंत गेले. आत तुम्ही होतात. नळ चालू होता, तुम्हाला माझं काही ऐकू गेलं नव्हतं. मी परत येऊन बसले. त्या दिवशी तो माझ्यासाठी दुसऱ्यांदा गेला. तेव्हापासून तुम्ही आत वळलात की माझा हात रेडिओकडे जातो. तुमच्या घरी यावं तरी तेच, तिथेही भिंती आहेत. आणि ज्या दिवशी तुम्ही येत नाही, त्या दिवशी रेडिओ लावायची गरजच पडत नाही, आणि घर इतकं गप्प असतं की तेही सोसवत नाही. आता सांगा, मी काय करू?"

ही सून बोलत होती की भावोजी, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

"यात माझा काय दोष?" मी म्हटलं. माझा आवाज फुटत होता, आणि आता त्या आवाजाची मलाच भीती वाटायला लागली होती.

"काहीच नाही. म्हणून तर भांडता येत नाही."

मग त्यांनी दोन्ही हात वर काढून टेबलावर ठेवले. "हरलो," ते म्हणाले. "आज त्या खुर्चीत तुम्ही बरोबर होतात. आणि काल तिथे बसून मी जे बोललो, ते मीच आज सुनेच्या खुर्चीतून खोडून काढलं. झाली तयारी."

मी चहा न घेता निघाले. जिना उतरताना रडू आवरलं नाही. ताईसाठी रडत होते, भावोजींसाठी आणि माझ्यासाठीही. जो आवाज मी जन्मभर माझा समजून मिरवला, ज्याच्या जोरावर दुकान चालवलं, तो एका माणसाला सोसवत नव्हता, आणि त्याला जबाबदार कुणीच नव्हतं. कुणावर रागवायचं, तेच कळेना. राग आल्याशिवाय मला दोन पावलं चालता येत नाहीत, त्यामुळे त्या संध्याकाळी रस्ता फार लांब वाटला.

शनिवारी दुकानात गर्दी होती. रांगेत खोकणाऱ्या माणसाच्या मागे भावोजी उभे. पुढे यायला सांगितलं तरी आले नाहीत, नंबर आल्यावरच आले.

"मिटलं," ते म्हणाले.

ताईलाही ते एवढाच शब्द सांगायचे. मिटलं, नाहीतर नाही मिटलं. पण या वेळी ते काउंटर धरून उभेच राहिले. मागचा माणूस चुळबुळायला लागला, मी त्याला एक नजर दिली.

"त्याच्या घरी नाही, तिच्या घरी नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "मुलीला पोहायला शिकायचंय. तलावावर भेटतील. सून तिला सोडून बाहेर थांबेल. म्हातारा कट्ट्यावर टॉवेल धरून बसेल. आणि हाक तिच्याच नावाने मारेल. सगळं लिहून झालं. सही करताना पेन हातात धरून त्याने सुनेला विचारलं, मनात म्हटलं तर चालेल का?"

"मग? ती काय म्हणाली?"

"रुमालांचा खोका त्याच्याकडे सरकवला."

भावोजींनी गोळ्यांची पट्टी मागितली. आधीची अजून उरली असणार, मला माहीत होतं. दिली. पिशवीत घालता घालता मी म्हटलं, "येत्या गुरुवारी मला जमायचं नाही, भावोजी. दुकानात मालाची मोजणी आहे." मोजणीबिजणी काही नव्हती. मला वाटलं, ते म्हणतील, मग शुक्रवारी या. निदान, का हो, असं तरी.

"बरं," ते म्हणाले.

मी त्यांना सुटका दिली आणि त्यांनी ती घेतली. त्यांचं काम टिकलं होतं, तेच तर मला हवं होतं. पण ते 'बरं' कितीतरी दिवस कानात राहिलं. गुरुवार आला की दुकान बंद करून मी जिना चढायची. दुकानाच्या वरच माझी खोली, आत छोटंसं स्वयंपाकघर. स्वतःशी मोठ्याने बोलायची माझी जुनी खोड, ती सोडून दिली. एकदा दूध उतू गेलं आणि "अरे देवा" निघून गेलं तोंडातून, आणि मी ओट्याशी उभी राहून ऐकलं. खरंच, आवाज ताईचाच होता. इतकी वर्षं कसा कळला नाही? मला पुन्हा ऐकावासा वाटला, पण मुद्दाम म्हटल्यावर तो माझाच निघाला.

असे बरेच गुरुवार गेले. मग एका गुरुवारी फोन वाजला. भावोजी मला कधी फोन करायचे नाहीत, काही लागलं तर संदेश पाठवायचे. मी उचलला आणि गप्प राहिले. काय बोलावं, बोलावं की नाही, तेच कळेना.

"नवीन काम आलंय," ते म्हणाले. "दोन शेजारी. मधल्या भिंतीवरून."

मागे रेडिओ चालू होता. कुणीतरी पिकांवरच्या किडीबद्दल सांगत होतं.

"मग?" मी शक्य तेवढं हळू म्हटलं.

"फोन समोरच्या खुर्चीत ठेवतो. तुम्ही तिकडून भांडाल का? यायला नको. इथून मलाही चेहरा दिसणार नाही, पण..." ते थांबले. "सवय करून बघावी म्हणतो."

"भावोजी, मी बोलले तर तुम्हाला..."

"माहीत आहे," ते म्हणाले. "बोला." आणि रेडिओ बंद झाल्याचं मला ऐकू आलं.

मग मी भांडले. काय भांडले म्हणून सांगू. त्या भिंतीची वीट न् वीट मी मोजून घेतली. त्यांनी कायदा काढला, मी त्यांना त्या कायद्यासकट अंगणाबाहेर काढलं. बाजू बदलल्या, तरी मीच जिंकले. घसा कोरडा पडला. पलीकडे ते कधी गप्प व्हायचे, खूप वेळ गप्प, पण फोन बंद करायचे नाहीत, आणि पुन्हा बोलायचे तेव्हा आवाज जरा जड असायचा. मीही थांबत होते. घाई कशाची होती?

"हरलो," शेवटी ते म्हणाले. "दोन्हीकडे."

"झाली तयारी?"

ते म्हणाले, "एक काम कराल? फोन तिथेच ठेवा आणि आतून बोला."

"आतून काय बोलू?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. मी फोन टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्याला टेकून उभी राहिले. मनात आलं, हा माणूस माझ्याकडून माझ्या बहिणीला मागतोय. आणि आलेला राग मी गिळला, कारण मलाही तीच हवी होती. मी बाहेर तोंड न वळवता, रोजच्यासारखं म्हटलं, "चहा ठेवू का?"

पलीकडे काही हललं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. कुणी उठून दारापर्यंत आलं नाही. मी भिंतीकडे बघत थांबले. मग टेबलावरून त्यांचा आवाज आला, लहानसा, पण स्पष्ट.

"ठेवा, मेहुणीबाई."

मी दोन कपांचं आधण ठेवलं.